दिवा लागला नाही म्हणजे

(गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीत झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. वक्त्यांचं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे.)

मंडळी, नमस्कार. माझ्याकडे लोक एरवी येतात ते काहीतरी झाल्यावर. टायर फुटला, कट गेला, गाडी एका बाजूला ओढायला लागली, मग माझी आठवण. काहीही झालेलं नसताना साठ माणसं समोर बसलीत असं पहिल्यांदाच बघतोय.

आधी हात वर करा बघू. किती जणांच्या गाडीत टायरमधल्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा आहे? अर्ध्याच्या वर आहेत. आता गाडी घेतल्यापासून कितींनी स्वतः गेज लावून हवा मोजली? तीन हात. त्यातला एक बायकोकडे बघून वर गेला.

लाजू नका, मीही तुमच्यातलाच. डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा असतो ना, मडक्यात उद्गारचिन्ह ठेवल्यासारखा? माझ्या गाडीत तो एकदा लागला तेव्हा गाडी जावयाकडे होती. त्याने पुस्तिका उघडली. त्यात लिहिलेलं की अमुक बटण काही सेकंद दाबून धरा, दिवा जाईल. त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलं होतं की आधी चारही चाकांत हवा बरोबर भरून घ्या. ती ओळ काही वाचली गेली नाही. बटण दाबलं, दिवा गेला. जावयाला काय बोलणार! पण पुढचे दोन महिने गाडी मी चालवत होतो, आणि दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललो होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या टायरमधली हवा बघणारा माणूस! एका रविवारी गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरवर हात फिरला. दोन्ही कडा झिजून खाली गेलेल्या, मधली नक्षी मात्र शाबूत. टायर कमी हवेवर पळाला की असाच झिजतो. गेज लावला. तो टायर २२, बाकीचे २७, २८, २७. हवे होते ३३. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता हे झालं कसं, ते कळलं की निम्मं व्याख्यान संपलं. माझ्या गाडीतली यंत्रणा हवा मोजतच नाही. चाकात तिचं काहीही नसतं. जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएससाठी प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजणारे सेन्सर असतात, तेच ती वापरते. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची त्रिज्या कमी होते आणि तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. बापाचा हात धरून चालणारं पोर जास्त पावलं टाकतं, तसं. चौघांत एकाची पावलं वाढली की दिवा लागतो. पण चारही चाकं महिनाभर सारखीच उतरत गेली तर? वर्गातली सगळीच पोरं सारखी नापास झाली, तर त्यांची एकमेकांशी तुलना करून मास्तरांना काय कळणार? काही नव्या गाड्या चाकाच्या थरथरीवरूनही अंदाज काढतात, त्याने फरक पडतो. तरी तो अंदाजच. आणि बटण दाबता तेव्हा तुम्ही गाडीला सांगता की आत्ता आहे ते बरोबर, हे लक्षात ठेव. जावयाने बटण दाबलं तेव्हा त्या एका टायरमध्ये २५ आणि बाकीच्यांत ३० च्या आसपास असणार, माझ्या गाडीने तेच बरोबर म्हणून पाठ केलं. पुढे चारही टायर सारखेच उतरले, तिला वावगं काही दिसलं नाही.

दुसऱ्या प्रकारात चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी सेन्सर असतो. तो खरंच हवा मोजतो आणि रेडिओने आकडा पाठवतो. तुमच्या पडद्यावर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील तर तुमची यंत्रणा ही. त्याची बॅटरी आत बंद असते, पाच ते दहा वर्षं चालते, संपली की सहसा आख्खा सेन्सर बदलायचा. पंक्चरवाल्याला आधी सांगा की आत सेन्सर आहे. टायर सोडवताना पहार व्हॉल्व्हजवळ घातली तर सेन्सर गेलाच म्हणून समजा. आणि गाडी सुरू केल्यावर तो दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हवा कमी असा नसून यंत्रणाच आजारी आहे असा असतो. लोक अशा वेळी हवा भरून येतात, दिवा तसाच राहतो आणि मग चिडून त्यावर चिकटपट्टी लावतात. खोटं नाही सांगत, मी पट्टी लावलेली गाडी बघितलीय.

बरं, दिवा लागतो तरी कधी? अमेरिकेत फायरस्टोनचे टायर लावलेल्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटून बरीच माणसं गेली. तापून टायरची वरची पट्टीच सुटून यायची. फोर्डने हवा सांगितलेली २६, टायर कंपनीचं म्हणणं ३० हवी होती. २००० साली लाखो टायर परत घेतले गेले, त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यातून हा दिवा सक्तीचा झाला. तिथला नियम असा, की ठरलेल्या हवेपेक्षा २५ टक्के कमी झाली की इशारा द्यायचा. युरोपात २० टक्के. आता ३३ चा हिशोब करा. २५ टक्के गेले की राहिले पावणेपंचवीस, २० टक्के गेले की जवळपास साडेसव्वीस. म्हणजे २८ वर गाडी पळत असेल तर दिवा गप्प बसला तरी त्याची चूक नाही. त्याला सांगितलेलंच काम तेवढं. घरात चोर शिरला की ओरडणारा गुरखा आहे तो. दुधाचा हिशोब त्याला विचारू नका.

टायर काही गाडीचं वजन पेलत नाही, आतली हवा पेलते. माणसांसकट गाडी १२४० किलो धरा, एका चाकावर ३१०. चौरस इंचाला तेहतीस पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार करा, एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग १३५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. आपलं पोस्टकार्ड १४ बाय ९, म्हणजे १२६. ताम्हिणीच्या वळणावर, पावसात, तुमचं आख्खं कुटुंब चार पोस्टकार्डांवर उभं असतं.

इथे एका समजुतीवर जरा थांबतो, कारण तिने माझ्या डोळ्यांदेखत बरेच टायर खाल्लेत. ‘उन्हाळ्यात हवा जरा कमी ठेवावी, तापून वाढते, टायर फुटतो.’ शिकलेली माणसंही सांगतात. हवा तापून वाढते हे खरं. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पौंड. हायवेवर तासभर पळालं की ३३ चे ३७–३८ होतात. पण कंपनीने आकडा ठरवताना ही वाढ धरलेली असते. टायरला मारते ती ही वाढ नाही, मारतं ते कमी हवेने होणारं वाकणं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दुमडते आणि उलगडते. लोखंडी तार हाताने दहा वेळा वाकवा आणि वाकलेल्या जागी बोट लावून बघा, चटका बसतो. मिनिटाला हजारभर फेऱ्यांना टायरचं तेच होतं. समृद्धीवर १२० ने सलग दोन-तीन तास, वर ऊन, खाली काँक्रीट आणि टायरमध्ये सव्वीस पौंड हवा. फुटलेला टायर बघून सगळे म्हणतात, हवा जास्त झाली. मी आतून हात फिरवतो तर भिंतीचं रबर भुकटी होऊन पडलेलं असतं. ती भुकटी कमी हवेची.

याच समजुतीची नवी आवृत्ती पडद्यावर आकडे दिसणाऱ्या गाड्यांत आलीय. सकाळी ३३ होती, दोन तासांनी फूड मॉलला पडद्यावर ३८ दिसले. माणूस घाबरतो, पंपावर जाऊन ‘पाच काढ’ म्हणतो. ३३ बघून समाधानाने वडापाव खातो. रात्री टायर थंड पडतो आणि सकाळी असतात २८. आणि २८ ला दिवा लागत नाही, आत्ताच हिशोब केला. यंत्रणा नसती तर या माणसाची हवा बरोबर राहिली असती!

म्हणून हवा मोजायची ती थंड टायरची. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा दीड किलोमीटरच्या आत चाललेली. म्हणजे सकाळी, आपल्याच पार्किंगमध्ये, स्वतःच्या गेजने. पंपावरचं यंत्र दिवसभर आपटत असतं, त्याच्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. चांगला गेज काही शे रुपयांना येतो. टोपी काढा, गेज सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर तिरका बसलाय. टोपी परत लावायच्या आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. जुने पंक्चरवाले बोटाला थुंकी लावायचे. बुडबुडा फुगला तर पिन गळतेय. महिन्याला एखाद-दोन पौंड तर चांगल्या टायरमधूनही जातात. नायट्रोजन भरला तरी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, तेव्हा पैसे देताना तेवढं लक्षात ठेवा.

किती भरायची? पंपावरचा पोरगा विचारतो, ‘किती मारू?’ आणि आपण म्हणतो, ‘सगळ्यांना मारतोस तेवढी.’ ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर असतो. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरवर ४४ किंवा ५१ छापलेलं असतं ती कमाल मर्यादा, ती भरायची नाही. स्टिकरवर बऱ्याचदा दोन ओळी असतात. दोन-तीन माणसांची एक आणि भरलेल्या गाडीची दुसरी, तिच्यात मागच्या चाकांचा आकडा चांगलाच जास्त असतो. तुम्ही बहुतेक जण येत्या आठवड्यात कोकणात निघणार. पाच माणसं, डिकीत मखर, तांदळाची पिशवी, मुंबईच्या आत्याचं सामान. वर्षातून एकदा दुसरी ओळ वाचायची वेळ येते ती हीच. दिव्याला तुमचं सामान दिसत नाही. त्याला पहिल्या ओळीचा आकडा माहीत असतो, त्यावर तो खूश.

समोरून चिठ्ठी आलीय, ‘स्टेपनीचं काय?’ छान विचारलंत. वेल्समध्ये लानेली नावाच्या गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं, १९०४ साली त्यांनी जादा चाक विकायला काढलं. ते गल्लीचं नाव आपल्या तोंडी अजून आहे. पण पुष्कळ यंत्रणा स्टेपनीकडे बघतच नाहीत. वर्षभर डिकीत पडून ती वीसवर आलेली असते आणि कळतं ते घाटात, पावसात, चाक बदलून जॅक खाली घेतल्यावर. तिच्यात दोन-चार पौंड जास्तच ठेवा, काढायला सोपं. आणि नवी गाडी असेल तर आधी डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा. २०२० च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, ही इशारा यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल तर कंपनीने स्टेपनी देण्याची सक्ती नाही.

आणखी प्रश्न खाली घेऊ. मी दोन गेज आणलेत, साबणाचं पाणी वॉचमनकडे सांगून ठेवलंय. ज्यांची गाडी सकाळपासून जागची हललेली नाही त्यांनी आधी या. जे आत्ता भाजी घेऊन आलेत त्यांनी आधी चहा घ्या.