दहाव्या दिवशीची लाल लघवी

पाठीतून दुर्बीण घालून मुतखडा काढला, दोन-तीन दिवसांत घरी सोडलं. दहाव्या दिवशी लघवी अचानक लालभडक होते, रक्ताच्या गाठी पडतात. या ऑपरेशननंतरचा, म्हणजे पीसीएनएलनंतरचा, हा रक्तस्राव क्वचित होतो, पण अंगावर काढण्यासारखा मुळीच नाही.

शरीरातल्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, मूत्रपिंडांतून फिरतो. पाठीतून सुई घालतात ती कॅलिक्सच्या, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या कपाच्या, टोकातून. तिथे रक्तवाहिन्या बारीक असतात. सुई कपाच्या मानेतून गेली, तर लगतची मोठी धमनी सापडते. पुढे वायरवरून वाट रुंदावत नळी बसते ती 30 फ्रेंचपर्यंत, म्हणजे 10 मिलिमीटर! मिनी पीसीएनएलमध्ये ती बरीच बारीक असते.

ऑपरेशनच्या वेळचं रक्त बहुधा शिरेचं. नेफ्रोस्टॉमी ट्यूब, म्हणजे पाठीतून मूत्रपिंडात जाणारी नळी, घालून थोडा वेळ चिमट्यानं बंद केली, की आत साकळलेल्या रक्ताच्या दाबानं ते थांबतं. धमनीला चीर गेली असेल, तर गोष्ट वेगळी. चिरेबाहेर रक्ताचा फुगा धरतो, त्याला स्वतःची भिंत नसते. हा स्यूडोअॅन्युरिझम. भोवतीची गाठ विरघळली, की तो लघवीच्या मार्गात फुटतो. पुन्हा गाठ धरते, लघवी स्वच्छ होते, घरचे निर्धास्त होतात. फसगत इथेच होते, कारण पुढचा झटका जास्त मोठा असू शकतो.

स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली नळी, असताना चालल्यावर लघवी गुलाबी होणं चालतं. दाट लाल लघवी, गाठी, लघवी अडणं, धडधड, चक्कर यांपैकी काहीही दिसलं, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. तरुण माणसात रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, नाडी आधी वाढते. म्हणून नाडी मोजत राहायची. रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅच, म्हणजे रक्त चढवण्याआधीची जुळणी, लगेच पाठवायचं. 22 किंवा 24 फ्रेंचचा थ्री-वे कॅथेटर, म्हणजे तीन तोंडांची लघवीची नळी, घालून गाठी आधी सिरिंजनं ओढून काढायच्या, मगच सलाईनची धार सुरू करायची. गाठी आत ठेवून धार सोडली, तर मूत्राशय तट्ट फुगतं.

रक्त थांबेना, तर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्रण. जांघेतल्या धमनीतून बारीक कॅथेटर नेऊन फुटलेल्या फांदीतच कॉइल, म्हणजे तारेचं बारीक वेटोळं, सोडून ती बंद करतात. हे एम्बोलायझेशन. बाकीचं मूत्रपिंड वाचतं. ही सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते. म्हणून घरी सोडतानाच विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: एम्बोलायझेशन जवळ कुठे होतं, आणि रात्री फोन कोणाला करायचा.