पाटी रंगवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. नवा व्यवसाय सुरू करणारा माणूस गाळा पारखून घेतो, यंत्राचे तीन ठिकाणी भाव विचारतो, मुहूर्त काढतो. नाव मात्र एका संध्याकाळी घरातल्या चौघांत ठरवून दुसऱ्या दिवशी पाटी रंगवायला देतो. ते नाव कायद्याने आपले कसे होते, याविषयी आज बोलायचे आहे.

गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) निघाला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी क्रमांक मिळाला, की नाव आपल्या मालकीचे झाले, अशी समजूत नागपुरात इतवारीपासून धरमपेठेपर्यंत आढळते. हे दाखले व्यवसाय अस्तित्वात असल्याचे आहेत, नावाच्या मालकीचे नाहीत. कंपनी स्थापन करताना नाव मंजूर करून घ्यावे लागते हे खरे, पण तेवढ्याने बाजारात ते एकट्याने वापरण्याचा हक्क मिळत नाही. उलट, मिळत्याजुळत्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, मालकाने तीन वर्षांच्या आत अर्ज केला, तर कंपनीलाच नाव बदलावे लागू शकते. मालकीचा हक्क भक्कम होतो तो 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखालील नोंदणीने.

आता नाव कसे असावे? आपल्याकडे पाटीवर ‘नागपुरी’, ‘वऱ्हाडी’, ‘सावजी’, ‘झणझणीत’ हे शब्द हमखास दिसतात. ग्राहकाला ते चटकन कळतात, आणि नेमके तेच त्यांचे दुबळेपण आहे. मालाचा गुण, प्रकार किंवा गाव सांगणारा शब्द कायदा सहसा कोणा एकाच्या स्वाधीन करत नाही, कारण तो इतर व्यापाऱ्यांनाही लागतो. सावजी हे तर एका स्वयंपाकपद्धतीचेच नाव झाले आहे. ते एकट्या भोजनालयाने मागणे म्हणजे ‘पोहे’ हा शब्द मागण्यासारखे आहे. नागपूरच्या संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारे, वेगळे संरक्षण आहे, म्हणून ते नाव आपल्या चिन्हात घालण्याआधी दोनदा विचार करावा. माझ्या मते, मालाशी सुतराम संबंध नसलेला किंवा स्वतः घडवलेला शब्द सुरुवातीला विचित्र वाटला, तरी पुढे तोच राखायला सोपा जातो.

नाव सुचले की व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा; तो विनामूल्य आहे. तेथे एक खुबी लक्षात ठेवावी. हुबेहूब अक्षरे जुळतात का, एवढेच पाहून भागत नाही. कानाला सारखे वाटणारे शब्दही शोधावे लागतात आणि मराठी नाव असेल तर त्याचे रोमन लिपीतले सगळे संभाव्य हिज्जे तपासावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. सामान्य गिऱ्हाईक शब्दाची फोड करून अर्थ लावत बसत नाही, त्याला नाव अर्धवटच आठवते, असा त्यामागचा विचार होता.

शोध कोणत्या वर्गात घ्यायचा, हेही ठरवावे लागते, कारण वस्तू आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत. आपल्या संत्र्याचेच पाहा ना: ताजे फळ वर्ग 31 मध्ये, रस वर्ग 32 मध्ये, जाम वर्ग 29 मध्ये आणि संत्रा बर्फी वर्ग 30 मध्ये. बर्फीबरोबर उपाहारगृहही काढणार असाल, तर वर्ग 43 आला. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये, तर इतरांना 9,000 रुपये आहे. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण ऑनलाइन अर्जासाठी नागपुराहून तेथे खेटे घालावे लागत नाहीत. तपासणी अहवालात आक्षेप निघाला, तर एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. अर्ज स्वीकारला गेला, की चिन्ह कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि विरोध करण्यासाठी कोणालाही चार महिने मिळतात. नोंदणी झाली, की तिची दहा वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीआधी छापणे हा कायद्याचा भंग आहे.

नोंदणी नसली, तरी जुन्या वापराला किंमत आहे. तुमच्या आधीपासून ते नाव सातत्याने वापरणाऱ्याला तुमची नोंदणीसुद्धा अडवू शकत नाही. म्हणून पहिले बिल, पहिली जाहिरात, पहिल्या वेष्टनाची छपाई, असे तारखेचे कागद जपून ठेवावेत.

भागीदारीत मात्र कागद आणखी एक लागतो. हल्दीराम हे नाव नागपूरकरांना सांगायला नको. त्या कुटुंबातील एक भागीदारी 1974 साली मोडली, तेव्हा नावाच्या वापराची पश्चिम बंगाल आणि उर्वरित देश अशी वाटणी दस्तऐवजात लिहिली गेली. तरीही वाद उभा राहिला आणि त्यातला एक मुद्दा 2000 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दस्त असतानाही जर ही गत, तर तोंडी बोलण्यावर नाव सोडणाऱ्या दोन भावांनी किंवा मित्रांनी काय करावे? अर्ज कोणाच्या नावावर होणार आणि भागीदारी संपल्यास नाव कोणाकडे राहणार, हे भागीदारी पत्रात पहिल्याच दिवशी लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मगच पाटी रंगवायला द्यावी.