ब्रुनोलाही न्यायचंय

(भिंतीला लागून उभा ब्रुनो, हातात मेजरिंग टेप)

ताई परदेशी राहायला निघाल्यात आणि त्यांचा कुत्रा ब्रुनोही विमानाने सोबत जायचाय, म्हणून त्याचं माप चाललंय. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप, पंजापासून कोपरापर्यंत दुसरं, खांद्यांची रुंदी तिसरं, आणि उभा असताना जमिनीपासून डोकं किंवा कान, जे वर असेल तिथपर्यंत चौथं. विमानातून न्यायच्या पेटीचा, म्हणजे क्रेटचा, हिशोब या चार मापांवर चालतो. लांबीत कोपराच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, रुंदी खांद्यांच्या दुप्पट धरायची, आणि उंचीत आतल्या अंथरुणाची जाडी धरायची. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियमच आहे, कुत्र्याला आत उभं राहता आलं पाहिजे, बसता, वळता आणि नीट पसरून झोपता आलं पाहिजे. ताई टेप लावतायत आणि ब्रुनो दर वेळी खाली बसतोय, त्यामुळे उंचीचं माप परत परत घ्यावं लागतंय. घेऊ देत, कारण क्रेट लहान निघाली तर काउंटरवरूनच परत पाठवतात.

(हॉलमध्ये क्रेट, दार काढलेलं)

क्रेट आली की लगेच दार लावून बघायचा मोह होतो, तो टाळा. इथे दार काढूनच ठेवलंय. पहिल्या दिवशी ब्रुनोने काय केलं बघा, मागचे पाय बाहेर घट्ट रोवून फक्त मान लांब केली, वाटीतलं खाणं तोंडात धरलं आणि बाहेर येऊन खाल्लं. कोणी ढकललं नाही, ओरडलं नाही. वाटी रोज थोडी थोडी आत सरकत गेली, मग एक पंजा, मग दुसरा, नखं प्लास्टिकवर कशी टकटक वाजतायत ऐका. मग ताईंनी वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट आत अंथरला, आणि ही दुपार, ब्रुनो स्वतःहून आत जाऊन आडवा झालाय. त्यानंतर दार बसवलं, आधी क्षणभर लावलं, मग जेवण होईपर्यंत, मग रात्रभर. याला आठवडे, कधी महिने लागतात आणि ते द्यायलाच हवेत, कारण विमानाच्या पोटात एवढीच जागा त्याच्या ओळखीची असणार आहे.

लोक विचारतात, झोपेचं औषध देऊन टाकू का? नका देऊ. त्याने ब्लड प्रेशर आणि श्वासावर परिणाम होतो, तोल जातो, आणि वर हवेत त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. बऱ्याच एअरलाइन्स तर गुंगीतला कुत्रा घेतच नाहीत. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेत श्वास घेणं आधीच जड जातं, म्हणून अनेक कंपन्या त्यांना कार्गोत नेत नाहीत.

(व्हेटचं टेबल, स्कॅनरचा क्लोजअप)

पण क्रेटच्याही आधी सुरुवात इथून झाली होती. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप, तिच्यात १५ आकडी नंबर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची चिप घ्या, म्हणजे तिकडचा स्कॅनर ती वाचेल. आणि क्रम सांभाळा, आधी चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर युरोपियन युनियन किंवा जपानसारख्या ठिकाणी ती लस धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे दाखवायला तेव्हा नंबरच नव्हता.

(रक्ताचं सॅम्पल, पुढच्या पायाची शीर)

रेबीज आटोक्यात नसलेल्या देशातून निघालात तर लस लागू पडली का हे बघणारी ही रक्ताची टेस्ट अनेक ठिकाणी लागते. रक्तात अँटीबॉडी मिलिलिटरला किमान ०.५ युनिट हव्यात. युरोपियन युनियनसाठी लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी सॅम्पल घ्यायचं, आणि रिपोर्ट चांगला आला तरी सॅम्पलच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं, जपानसाठी १८० दिवस. रिपोर्ट चांगला असताना थांबायचं कशाला, असं वाटतंच. तर रिपोर्टवरून लस लागू पडली एवढंच कळतं. लसीच्या आधीच कुठे चावा बसला असेल तर व्हायरस कित्येक महिने काहीही लक्षण न दाखवता शरीरात राहू शकतो, तो काळ निघून जायला हवा. म्हणूनच आम्ही सगळ्यांना सांगतो, जायचं ठरलं की माणसांच्या व्हिसाआधी कुत्र्याच्या चिपचं बघा, सात-आठ महिने हातात ठेवा. कागद अपुरे राहिले तर क्वारंटाइन किंवा परतीचं विमान, दोन्हीचा खर्च मालकाचा, आणि ज्यांना हे सगळं उशिरा कळतं त्यांचे कुत्रे मागे राहतात.

(कार्गो टर्मिनल, पहाट)

क्रेटवर 'लाइव्ह अ‍ॅनिमल्स'चं लेबल, वरची बाजू दाखवणारे बाण, दाराला पाण्याची वाटी. पाणी रात्रीच गोठवून ठेवलंय, हलवाहलवीत सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं. पाळीव प्राणी जिथे ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनएवढाच असतो. खरी काळजी असते ती विमानाबाहेर उन्हात थांबण्याची, म्हणून फ्लाइट पहाटेची घेतली आणि शक्यतो डायरेक्ट.

(ताई, जाळीचं दार)

(अरायव्हल, गवताचा पट्टा)

पहिलं काम गवतावर, आणि ते बराच वेळ चाललं. मग पाणी, मग ताईंच्या बुटांचा वास.

या आठवड्यात इथल्या व्हेटकडे नाव नोंदवायचंय आणि चिपच्या डेटाबेसमध्ये नवा पत्ता, नवा फोन नंबर टाकायचाय. हे बरेच जण विसरतात, आणि अनोळखी गल्लीत कुत्रा सुटला तर सापडवणाऱ्याचा फोन बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. ताईंनी लॅपटॉप उघडलाय.