देवयानीच्या काठाचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपून थंडी पडायला लागली की नागपूरचं आकाश बघण्यासारखं होतं. नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जा. जवळजवळ डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन दिसेल. त्याचे चार तारे धरमपेठेतल्या दिव्यांनाही पुरून उरतात. उत्तरेला शर्मिष्ठा, इंग्रजी एम अक्षरासारखी. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात देवयानी दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड पसारा. शहरातून ती दिसत नाही, उगाच मान मोडून घेऊ नका. त्यासाठी पेंचला, सिल्लारीच्या बाजूला जायला हवं. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी जवळच्या गावांतल्या रस्त्यांवरच्या दिव्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. तिथे देवयानी नुसत्या डोळ्यांना दिसते, एक लांबट, पुसट डाग. तो प्रकाश तिथून निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली.

आज बोलायचं आहे ते या डागाच्या काठाविषयी, आणि तो काठ मोजून काढणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांच्याविषयी.

रुबिनबाईंचा जन्म 1928 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. 1948 मध्ये पदवी हातात आली. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाकडे चौकशी केली, तर तिथे खगोलशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बायकांना प्रवेशच नव्हता. तो दरवाजा उघडला 1975 मध्ये. मग कॉर्नेल, आणि डॉक्टरेट जॉर्जटाउनला, तीही संध्याकाळच्या वर्गांत. मार्गदर्शक होते जॉर्ज गॅमो. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. नवरा सोडायला यायचा, वर्ग सुटेपर्यंत गाडीतच बसून जेवायचा, आणि लेकरं तोवर आजी-आजोबांकडे. आपल्याकडे घरातली सून पीएच.डी. करायला घेते तेव्हा असंच सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं, फक्त प्रबंधावर त्यांची नावं येत नाहीत.

1954 च्या त्या प्रबंधात त्यांनी दाखवलं की दीर्घिका अवकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत, घोळक्यांनी आहेत. पुढची कितीतरी वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलंही नाही. 1965 मध्ये त्या वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रुजू झाल्या. त्याच वर्षी पॅलोमार वेधशाळेत अधिकृतपणे निरीक्षण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला त्यांनी कागदाचा घागरा चिकटवला, हा किस्सा सगळीकडे सांगतात. किस्सा झकास आहे. पण मला त्यांच्या 67 ढगांची गोष्ट जास्त मोलाची वाटते, म्हणून वेळ तिच्यावर घालवणार आहे.

त्या काळात क्वेसार, म्हणजे फार लांबचे अतितेजस्वी खगोल, नवे होते आणि जो तो त्यांच्या मागे लागला होता. रुबिनबाईंनीही थोडं काम केलं. पण मोठ्या दुर्बिणींवर मिळणाऱ्या रात्री मोजक्या, आणि वर फोनवर फोन, की तुमचा आकडा आला का, तुमचं मोजमाप कुठवर आलं. ती धावपळ त्यांना मानवली नाही. त्यांनी असा विषय धरला ज्याची कुणालाच घाई नव्हती. दीर्घिकेच्या अगदी बाहेरच्या भागातले तारे आणि वायू किती वेगाने फिरतात? उत्तर सगळ्यांना माहीत असल्यासारखंच होतं, म्हणून कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

ते माहीत असलेलं उत्तर असं. बुध सूर्याभोवती सेकंदाला 47 किलोमीटरने पळतो, पृथ्वी 30 ने, आणि लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाचने. वस्तुमान जवळजवळ सगळं मध्यभागी असलं की बाहेरचा गडी हळू चालतो. दीर्घिकेतही उजेड मध्यभागी दाटलेला असतो. तेव्हा काठावरचे तारे रेंगाळत असणार, असं सगळे धरून चालले होते.

सोबतीला केंट फोर्ड होते. त्यांनी दुर्बिणीला जोडायची एक इमेज ट्यूब बसवली होती. आलेला अंधुक प्रकाश ती आधी वाढवायची आणि मग फोटोच्या काचेवर टाकायची, त्यामुळे तासन्‌तास लागणारं काम बरंच लवकर उरकायचं. देवयानीतले हायड्रोजनचे चमकते ढग त्यांनी निवडले. गंमत म्हणजे दुर्बिणीला डोळा लावला तरी ते ढग दिसत नसत. वॉल्टर बाडे यांनी जुन्या फोटोंवरून त्यांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. शेजारचा एखादा तारा धरायचा, त्याच्यापासूनचं अंतर मोजायचं, आणि न दिसणाऱ्या ढगावर दुर्बिणीची बारीक फट आणून थांबवायची. मग गारठलेल्या घुमटात बसून दुर्बीण हलू नये म्हणून लक्ष ठेवायचं. काच धुऊन निघाली की त्यावर हायड्रोजनची एक रेघ. ती तिच्या नेहमीच्या जागेपासून किती सरकली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, त्यावरून ढगाचा वेग कळतो. मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाचा मामला. त्यात देवयानी अख्खीच्या अख्खी सेकंदाला 300 किलोमीटरने आपल्याकडे येते आहे, त्यामुळे सगळ्याच रेघा निळ्या बाजूला सरकलेल्या. त्यातून फिरण्यामुळे पडणारा फरक वेगळा काढायचा.

असे 67 ढग झाले आणि 1970 मध्ये निबंध छापून आला. काठाकडचे ढग रेंगाळत नव्हते. वेग जवळजवळ तसाच टिकून होता. निबंधाची भाषा मात्र जपून लिहिलेली. मोठा दावा नाही, आकडे आहेत. दावा करण्याआधी त्यांनी आणखी दीर्घिका घेतल्या, आणि 1980 मध्ये 21 सर्पिल दीर्घिकांच्या वेगांचे आलेख एकत्र मांडले. जिकडेतिकडे तेच. त्याच सुमारास अल्बर्ट बोस्मा यांच्यासारखे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरींवरून ताऱ्यांच्याही पलीकडे जाऊन पोहोचले होते, आणि त्यांचाही आलेख खाली उतरत नव्हता. हे श्रेय एकट्या बाईंचं नाही, हे सांगायलाच हवं. फ्रिट्झ झ्विकी यांनी तर 1933 मध्येच दीर्घिकांच्या एका समूहाविषयी अशीच शंका काढली होती.

आता याचा अर्थ काय? कळमना मार्केटात ताडपत्री बांधलेला ट्रक आला की आत काय आहे ते दिसत नाही, पण दबलेले पाटे बघून हमाल बरोबर सांगतो की माल बराच आहे. दीर्घिकेचंही तसंच आहे. एवढ्या वेगाने पळणारे काठावरचे तारे बाहेर फेकले जात नाहीत, म्हणजे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी आत आणि भोवती आहे. ते प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात, आणि आजच्या हिशेबाने ते आपल्या ओळखीच्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त भरतं.

दीर्घिका जन्माला कशा आल्या, या प्रश्नाचं कुलूपही इथेच उघडतं. विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं. पहिली 3,80,000 वर्षं साधा वायू गोळा होऊ शकला नाही, कारण प्रकाशाचा दाब त्याला एकत्र येऊ देत नव्हता. त्या काळचा जो प्रकाश आज आपल्याला मिळतो, त्यातला चढउतार लाखात एक भाग एवढाच आहे. एवढ्याशा भांडवलावर आजच्या दीर्घिका उभ्या राहायला वेळच पुरत नाही. कृष्णद्रव्याला प्रकाशाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे ते आधीच जागोजागी दाटायला लागलं होतं. वायू मोकळा झाला तसा तिकडे ओढला गेला. वायू उष्णता बाहेर टाकून थंड होतो, मध्यभागी उतरतो, फिरती तबकडी होते, तारे पेटतात. कृष्णद्रव्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते लांबवर पसरलेलंच राहतं. देवयानीच्या काठावरचा वेग टिकतो तो त्यामुळे.

हे सगळ्यांना पटलेलं नाही. 1983 मध्ये मोर्डेहाय मिलग्रॉम यांनी म्हटलं की द्रव्य नव्याने मानायला नको, जिथे ओढ अगदी क्षीण होते तिथे गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलत असेल. रुबिनबाईंनीही ती शक्यता कधी झटकून टाकली नाही. मला स्वतःला कृष्णद्रव्याची बाजू भक्कम वाटते, ती 2006 मध्ये अभ्यासलेल्या बुलेट समूहामुळे. दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळले, वायू मध्ये अडकून राहिला, पण वजन मात्र वायूला मागे टाकून पुढे निघून गेलेलं सापडलं.

कृष्णद्रव्याचा कण प्रत्यक्ष हाती लागायचा आहे. त्यासाठी माणसं जमिनीखाली उतरली आहेत, कारण वरून येणारे वैश्विक किरण मोजमापात गोंधळ घालतात. अमेरिकेत सोन्याच्या जुन्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर एक प्रयोग चालतो. आपल्याकडे झारखंडात जादूगुडाच्या युरेनियम खाणीत 550 मीटरच्या आसपास खोलीवर प्रयोगशाळा आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय ज्या गावात आहे, त्या आपल्या नागपूरला खाणीचा हा नवा उपयोग कळायला हवा.

रुबिनबाई 25 डिसेंबर 2016 ला गेल्या. नोबेल त्यांना मिळालं नाही. का नाही, यावर वाद घालणारे घालतात, आणि माझ्या मते त्यात निवड समितीचीच बाजू पडती आहे. चिलीतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेला आता त्यांचं नाव आहे. तिचा कॅमेरा 3200 मेगापिक्सेलचा. जून 2025 मध्ये तिचे पहिले फोटो आले. दक्षिणेचं आकाश दर काही रात्रींनी पुन्हा पुन्हा टिपायचं, असं दहा वर्षं चालणार आहे. आणि पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या माहितीतून अलकनंदा नावाची सर्पिल दीर्घिका शोधली आहे. विश्व अवघं 150 कोटी वर्षांचं असतानाची ती, आणि तरी चांगली सुबक तबकडी. इतक्या लवकर ती कशी तयार झाली, हा प्रश्न खुला आहे.

व्याख्यानानंतर पालक हमखास विचारतात, की पोरगी खगोलशास्त्र म्हणते, पण मग पोटापाण्याचं काय? रस्ता असा आहे. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान आणि गणित, मग एम.एस्सी. त्यानंतर संशोधनासाठी जेस्ट नावाची परीक्षा आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची प्रवेश परीक्षा आहे. निवड झाली की शिष्यवृत्ती मिळते, घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. काम मात्र दुर्बिणीपेक्षा संगणकावर जास्त चालतं, तेव्हा पायथॉन ही संगणकाची भाषा लवकर शिकलेली बरी. बारावीनंतरच्या सुट्टीत सुरुवात केली तरी चालेल. नमस्कार.