तिच्या कमाईचे वारस

नमस्कार. दुपारची कामं आवरून जरा टेकलेल्या मैत्रिणींना, आणि शेतावर, दुकानात, गाडीत रेडिओ लावून बसलेल्या सगळ्यांनाच.

आज मला बायकांच्या मृत्युपत्राविषयी बोलायचंय. हा शब्द जड वाटत असेल तर इच्छापत्र म्हणा, कागद तोच.

एक खरा खटला सांगते. 1955 साली एका मुलीचं लग्न झालं. तीन महिन्यांच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली आणि पुन्हा त्या घरी राहिली नाही. आईवडिलांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली, स्वतःच्या पायावर जगली. 1996 साली ती वारली, तेव्हा बँकेत तिची खाती होती, प्रॉव्हिडंट फंडाची मोठी रक्कम होती. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रही नव्हतं. आई मात्र हयात होती. त्या म्हाताऱ्या आईनं कोर्टात अर्ज केला, तर समोर सासरकडची माणसं उभी! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, निकाल 2009 चा. पैसा सासरकडच्यांना मिळाला. नुसत्या सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

मला राहून राहून त्या आईचा विचार येतो. टाकून दिलेली लेक जिनं सावरली, तिच्या हाती काही नाही.

असं का झालं? 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई एकाच पायरीवर उभ्या असतात, सगळ्यांना सारखा वाटा. बाई गेली, तर पहिल्या पायरीवर तिची मुलं आणि नवरा. ते कुणीच नसतील, तर दुसऱ्या पायरीवर नवऱ्याचे वारस. दीर, नणंद, त्यांची मुलं. आणि जिनं तिला जन्म दिला ती आई तिसऱ्या पायरीवर! आईवडिलांकडून वारशानं आलेली मिळकत तेवढी, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण पगारातून साठवलेलं, शिलाईच्या मशीनवर कमावलेलं, डबे करून जमवलेलं, ते नवऱ्याच्या वारसांकडे. नोव्हेंबर 2025 मध्ये या कलमाविरुद्धचं प्रकरण पुढे आलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानंच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं.

कुणी म्हणेल, मला दोन मुलं आहेत, नवरा आहे, मला काय गरज? गरज आहे. नवऱ्याला आणि मुलांना सारखे वाटे पडतात. तुमच्या आजारपणात उशाशी बसलेली सून त्यात कुठेच नाही. नवऱ्यानं सोडलेली लेक आणि परदेशात सुखात असलेला लेक, दोघांना सारखंच. आणि सोनं! सोन्याचा कागद कुणाकडेच नसतो. पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, हे आपण बोटानं दाखवून ठेवलेलं असतं, लिहून ठेवलेलं नसतं. दिवसकार्य उरकतं आणि कपाटाच्या किल्लीवरून बहिणी-बहिणी बोलेनाशा होतात. मी हे आमच्याच नात्यात पाहिलंय.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या मराठीत, हातानं लिहिलेलं चालतं. सही येत नसेल तर अंगठा. दोन साक्षीदार हवेत, आणि तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं हवं, किंवा ही सही माझीच असं तुम्ही स्वतः त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांच्या सह्या तुमच्या समोर व्हायला हव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे शंका निघतात. साक्षीदार वयानं आपल्याहून लहान बघा, कारण उद्या कोर्टात सांगायला तो हयात असायला हवा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण मी म्हणेन, जमत असेल तर करा. वय झालं असेल तर बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा. मन बदललं तर नवं करा, शेवटचं तेच खरं. आणि हयातीत तुमचा एक रुपयाही कुणाकडे जात नाही. ही भीती फार बायकांना असते. ती बक्षीसपत्राच्या बाबतीत खरी आहे, तिथे मिळकत लगेच हातातून जाते. मृत्युपत्रात नाही.

फक्त जे आपलं आहे तेच देता येतं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर आपल्या हिश्श्यापुरतंच लिहायचं. गोव्यातल्या मैत्रिणींनी मात्र तिथल्या वकिलाला विचारावं. तिथला कायदा वेगळा आहे, मुलं असतील तर अर्ध्या मिळकतीवर त्यांचा हक्क राखीव असतो. मुस्लिम बहिणींनाही साधारणपणे एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं.

आणखी एक. बँकेत नॉमिनी लावलाय, म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण ते त्यानं वारसांसाठी सांभाळायचे असतात, तो मालक होत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनीसुद्धा लावता येतात. जरूर लावा, आणि तीच नावं मृत्युपत्रातही येऊ द्या, म्हणजे घोळ होणार नाही.

माझ्या आईनं चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचं मृत्युपत्र लिहिलं. वहीचं दीड पान. पोस्टातल्या ठेवी आम्हा तिघांना. माहेरहून आलेली तांब्याची घागर धाकट्या सुनेला, कारण ती एकटीच ती घासते. सही करायच्या आधी तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग शेजारच्या दोघांना चहाला बोलावलं, आणि कागद कुठल्या डब्यात ठेवलाय ते आम्हा तिन्ही भावंडांना फोन करून सांगितलं.