पिल्लाची इतर कुत्र्यांशी ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आलं की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, सगळ्या लशी होईपर्यंत त्याला दुसऱ्या कुत्र्याजवळ नेऊच नका. दुसरा म्हणतो, द्या सोडून खुशाल, कुत्री आपापसांत बघून घेतात. मी सांगेन, दोन्ही ऐकू नका.

पहिल्या सल्ल्यात अडचण तारखांची आहे. पिल्लाचं मन नव्या ओळखींसाठी सर्वांत मोकळं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. लशींची मालिका सुरू होते सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि ती संपते सोळाव्या आठवड्याला किंवा त्याही नंतर. एवढे डोस का? आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते आणि तीच लशीला निष्प्रभ करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. म्हणजे शेवटच्या डोसाची वाट बघत बसलात, तर ओळखीचा काळ हातचा गेला.

दुसऱ्या सल्ल्यात धोका आहे पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूचा. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो जमिनीत जातो, तिथे महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर घरातही येतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, तेही घाण आधी पुसून काढून आणि दहा मिनिटं ओलं ठेवून.

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच: ओळख लवकर करायची, पण कुत्रं आपण निवडायचं आणि जागाही आपण निवडायची. पुन्हा सांगते, कुत्रं आपण निवडलेलं, जागा आपण निवडलेली.

आता एक हकीकत सांगते. या विषयावर बोलताना ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मायकेल फॉक्स नावाच्या पशुवैद्यकाने केलेला एक प्रयोग 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगात चिवावा जातीची चार पिल्लं होती. पंचवीस दिवसांची झाल्यावर त्यातलं एकेक पिल्लू एकेका मांजरीच्या पिल्लांमध्ये ठेवलं. चार पिल्लं, चार वेगळी मांजर-कुटुंबं. तुलनेसाठी दुसरी पिल्लं नेहमीसारखी कुत्र्यांमध्येच वाढली. आणि हे असं सोळा आठवडे वयापर्यंत चाललं.

या चार पिल्लांचे हाल झाले असं मुळीच नाही. ऊब होती, खाणं होतं, खेळायला सवंगडी होते. उणीव एकच होती: जगात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मग त्यांच्यासमोर आरसा ठेवला. कुत्र्यांमध्ये वाढलेल्या पिल्लांना आरशात पिल्लू दिसलं आणि ती त्याच्याशी बोलायला लागली, भुंकली, त्याला खेळायला बोलवू लागली. मांजरांत वाढलेल्या पिल्लांनी त्याच आरशात बघितलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही. समोर कुत्र्याचं पिल्लू, डोळे, कान, शेपूट सगळं जिथल्या तिथे, पण त्यांच्या लेखी ते ओळखीचं कुणी नव्हतं. पुढे मांजर की कुत्रं अशी निवड दिली, तेव्हाही ती मांजरांकडेच वळली. जन्माने कुत्रं, रक्ताने कुत्रं, आणि संगत मात्र मांजरांची हवी.

हकीकतीचा मला आवडणारा भाग पुढे आहे. सोळा आठवड्यांनंतर या पिल्लांना इतर कुत्र्यांबरोबर ठेवलं. दोन आठवडे गेले. पुन्हा आरसा समोर आणला, आणि आता ती आरशातल्या पिल्लाला प्रतिसाद द्यायला लागली होती. अवघे दोन आठवडे! ज्यांच्या घरी पाच-सहा महिन्यांचं बुजरं पिल्लू आहे, त्यांनी यातून धीर घ्यावा. मात्र ही पिल्लं एकटी वाढलेली नव्हती, त्यांना खेळगडी होते, हेही विसरू नये. अगदी एकट्या वाढलेल्या पिल्लाला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

कुत्र्याला कुत्रं ओळखता येणं उपजत असतं, ही आपली समजूत या प्रयोगाने खोटी ठरवली. ते शिकावं लागतं, आणि शिकायचे दिवस थोडे असतात. म्हणूनच पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू आईपासून तोडणाऱ्यांचा मला फार राग येतो. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड कळवळतं आणि खेळ थांबतो. माणसाला तो धडा देता येतो, पण भावंडांइतका चांगला नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊच नका, कितीही गोजिरं दिसलं तरी.

तर आता प्रत्यक्ष कृती. पहिला डोस होऊन निदान सात दिवस झालेले असावेत आणि जंताचं औषध पोटात गेलेलं असावं. हे झालं की ओळखीच्या, लसवंत कुत्र्याची भेट ठरवा. भेटायला आलेलं कुत्रं वयाने मोठं, शांत आणि आधी पिल्लांशी नीट वागलेलं हवं. धसमुसळं तरुण कुत्रं नको. ते प्रेमाने पंजा टाकेल आणि दोन किलोच्या पिल्लाचं हाड मोडेल. जागा अशी, की जिथे अनोळखी कुत्र्यांचा वावर नाही. हाडं, खेळणी, खाण्याची भांडी आधीच उचलून ठेवा.

दोघांच्या दोऱ्या दीड ते दोन मीटरच्या. गुंडाळी असलेली लांबत जाणारी दोरी यासाठी अजिबात नको, माझ्या मते ती कशासाठीच नको. पिल्लाला गळपट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा. दहा मीटर अंतरावर उभे राहा. पिल्लाने समोरच्या कुत्र्याकडे बघितलं आणि परत तुमच्याकडे बघितलं, की लगेच खाऊ द्या. मग दोघांना एकाच दिशेने, समांतर चालवा आणि अंतर हळूहळू कमी करा. समोरासमोर तोंडावर आणू नका. कुत्र्यांच्या रीतीत थेट तोंडावर जाणं हा उद्धटपणा आहे, मागून हुंगणं ही सभ्यता. जवळ आले की तीन सेकंद हुंगू द्या, आनंदी आवाजात परत बोलवा, खाऊ द्या, मग पुन्हा तीन सेकंद. आणि दोरी सैल. दोरी सैल! ताणलेल्या दोरीने पिल्लाची मान वर होते, छाती पुढे येते, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. शिवाय आपली भीतीही त्या दोरीतून खाली उतरते. पहिली भेट पाच ते दहा मिनिटांची पुरे. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, आणि दमलेलं पिल्लू चिडकं होतं.

बघायचं काय? पुढचे पाय खाली टेकून बूड वर केलं, की ते खेळाचं आमंत्रण. एकदा हा पाठलाग करतो, एकदा तो, अशी अदलाबदल होत असेल तर खेळ बरोबर चाललाय. शंका आली तर वरचढ असलेल्याला क्षणभर धरून ठेवा. दुसरं पिल्लू आपणहून परत आलं, तर त्याला खेळायचंय. पळून तुमच्या पायांमागे गेलं, तर खेळ तिथेच संपवा. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, भूक नसताना, झोप नसताना जांभई देणं, जागच्या जागी थिजणं, ही सगळी घाबरल्याची चिन्हं. यांतलं एकही दिसलं तरी अंतर वाढवा. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान बसलेला एखादा धसका फार काळ राहू शकतो.

मोठ्या कुत्र्याने गुरगुरून पिल्लाला आवरलं, तर मोठ्याला रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. सूचना देण्यावर मार बसला, तर पुढच्या वेळी ते कुत्रं सूचना न देताच चावेल. पिल्लू मागे हटल्यावरही मोठं कुत्रं त्याला दाबून धरत असेल, तर मात्र ताबडतोब वेगळं करा. आणि घाबरून पिल्लाला डोक्याच्या वर उचलू नका, समोरचं कुत्रं उडी मारतं. त्यापेक्षा दोघांच्या मध्ये तुम्ही उभे राहा.

भेटीगाठी नसतील त्या दिवशी पिल्लाला कडेवर घेऊन किंवा पिशवीत बसवून लांबून कुत्री दाखवा. जमिनीवर पाय न टेकताही पिल्लू शिकतं.

घरात आधीचं कुत्रं असेल, तर पहिली भेट घराबाहेर करा आणि मग दोघांना एकत्र आत आणा. दोघांची ताटं वेगळ्या खोल्यांत. मध्ये जाळीचं फाटक लावा, म्हणजे जुन्याला कंटाळा आला तर पिल्लापासून सुटका मिळेल. पहिले काही आठवडे दोघांना एकटं सोडून बाहेर जाऊ नका.

पिल्लांच्या वर्गात घालणार असाल, तर आधी पिल्लाशिवाय एकदा जाऊन बघा. लशीचा कागद तपासतात का? फरशी रोज विषाणुनाशकाने धुतात का? बुजऱ्या पिल्लांना दांडगोबांपासून वेगळं खेळवतात का? तिन्ही उत्तरं होकारार्थी आली तरच नाव घाला. नमस्कार.