गुंठ्याचा व्यवहार आणि तीन दफ्तरं

सभागृहात सरपंच आहेत, सदस्य आहेत, आणि गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधलेली मंडळीही बरीच आहेत. सगळ्यांच्या तोंडी प्रश्न एकच आहे. खरेदीखत झालं, घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, विजेचं मीटर बसलं, मग सातबाऱ्यावर नाव का चढत नाही? उत्तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात आहे, आणि त्यानंतर विधिमंडळाने व न्यायालयांनी त्या कायद्याचं जे केलं त्यातही आहे.

कायद्याचा गाभा सोपा आहे. शासन प्रत्येक भागासाठी जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र ठरवतं. त्याहून लहान जमीन म्हणजे तुकडा. कलम ७ म्हणतं, आधीपासून असलेला तुकडा विकायचा तर लगतच्या जमीनधारकालाच. कलम ८ म्हणतं, नवा तुकडा पडेल असं हस्तांतरण किंवा वाटप करायचं नाही. आणि कलम ९ म्हणतं, असा व्यवहार केलात तर तो शून्य. दंड मूळ कायद्यात जास्तीत जास्त अडीचशे रुपये. आज अडीचशे रुपये कुणाला अडवणार? अडवतो तो ‘शून्य’ हा शब्द.

कलम ८ वाचताना एक गोष्ट हमखास सुटते. विकलेला भाग प्रमाणभूत क्षेत्रात बसून भागत नाही, मागे उरलेला भागही बसावा लागतो. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाण ठरलं. तुमच्याकडे १८ गुंठे बागायत आहे आणि त्यातली १२ विकली, तर घेणाऱ्याकडे तुकडा नाही, पण तुमच्याकडे उरलेले सहा गुंठे तुकडा ठरतात. व्यवहार तिथेच अडतो.

शेतीसाठी हा कायदा योग्य होता, असं माझं ठाम मत आहे. पिढीगणिक वाटण्या होऊन औत फिरायला जागा उरू नये, ही भीती खरी होती. पण शहराच्या कडेला गुंठाभर जागा घेणारा माणूस तिथे ज्वारी पेरायला आलेला नसतो. त्याला घर हवं असतं. रीतसर बिगरशेती करून, रेखांकन (लेआउट) मंजूर करून निघालेला प्लॉट त्याला परवडत नाही. शेतीसाठी केलेला नियम घराच्या गरजेवर लागू होत राहिला, आणि त्या फटीत गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीची गुंठ्या-गुंठ्यांनी विक्री, वाढली.

आता तीन दफ्तरं नीट वेगळी करू. पहिलं दुय्यम निबंधकाचं. तिथे दस्त नोंदतो, म्हणजे अमक्याने तमक्याला लिहून दिलं याची सरकारी नोंद होते. दुसरं महसुलाचं. गाव नमुना ६ म्हणजे फेरफाराची, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, गाव नमुना ७ अधिकार अभिलेख, १२ पिकांची नोंद, ८-अ खातेदाराची एकूण जमीन. तिसरं ग्रामपंचायतीचं. तिथला नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. महसुलाचा ८-अ आणि पंचायतीचा ८ यांची गल्लत रोज होते. माणूस पंचायतीचा उतारा दाखवतो आणि ‘आठ-अ आहे’ म्हणून सांगतो. पंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव असणं म्हणजे त्या घराची घरपट्टी कुणाकडून वसूल करायची एवढीच नोंद. जागा कुणाची, हे तो सांगत नाही.

सातबारासुद्धा अंतिम शब्द नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की नोंद खरी मानावी, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, तो सारावसुलीसाठी असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. ६ सप्टेंबर २०२१ ला जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात पुन्हा सांगितलं. तरीही सातबाऱ्यावर नाव नसलं की बँक कर्ज देत नाही, पुढचा खरेदीदार फिरकत नाही, आणि मोजणीचा अर्ज करायला गेलं की पहिला प्रश्न ‘तुमचं नाव कुठाय?’ असाच येतो.

ही तीन दफ्तरं एकमेकांपासून कशी तुटली, ते २०२१ नंतरच्या घडामोडींत स्पष्ट दिसतं. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढलं. समजा दोन एकरांचा गट आहे आणि त्यातले दोन गुंठे विकायचेत. सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी किंवा मंजूर रेखांकन असल्याशिवाय असा दस्त नोंदू नये, असा त्याचा आशय. ठिकठिकाणी गुंठ्यांचे दस्त थांबले. त्याविरुद्ध याचिका झाल्या आणि ५ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक आणि महाराष्ट्र नोंदणी नियमांतला ४४ (१) (आय) हा नियम, दोन्ही रद्द केले. गावोगावी एकच वाक्य पसरलं: तुकडेबंदी उठली.

तुकडेबंदी उठली नव्हती. नोंदणी अधिकाऱ्याने कोणत्या कारणावरून दस्त नाकारायचा, एवढाच तिथे प्रश्न होता. ७ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने के. गोपी प्रकरणात तामिळनाडूचा एक नियम याच धर्तीवर रद्द केला. विक्रेत्याची मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही, असं म्हटलं. पण १९४७ च्या कायद्यातली कलमं ७, ८ आणि ९ जागच्या जागी राहिली. परिणाम काय झाला? दस्त नोंदला गेला, मुद्रांक शुल्क भरलं गेलं, संगणकावरून माहिती ई-फेरफार प्रणालीत गेली. तिथे तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार धरला. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतींसाठी गेले, आणि मंडळ अधिकाऱ्याने शेरा मारला: तुकडेबंदी कायद्याविरुद्ध, नोंद रद्द. पहिल्या दफ्तराने घेतलेला व्यवहार दुसऱ्याने नाकारला, आणि आपापल्या कायद्यापुरते दोघेही बरोबर होते. पैसे मात्र खरेदीदाराचे अडकले.

रद्द नोंदीवर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करायला साठ दिवस असतात. बहुतेकांना नोंद रद्द झाल्याचं कळतच नाही, कारण खरेदीखत हातात आलं की काम झालं असं ते समजतात. दस्तानंतर दोन-तीन आठवड्यांनी ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या ऑनलाइन फलकावर गाव निवडून फेरफाराची स्थिती पाहावी.

अडथळा टाळायला लोकांनी दोन वाटा काढल्या. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे सामायिक घ्यायचे, ही पहिली. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात, पण तुमचा गुंठा नेमका कुठला हे कुठल्याच अभिलेखात नसतं. चतु:सीमा असते ती फक्त एजंटाच्या कच्च्या नकाशावर. मोजणी, बिगरशेती, कर्ज, प्रत्येक वेळी अकराही सह्या लागतात, आणि त्यातला एक वारला की त्याच्या वारसांच्याही. दुसरी वाट नोटरीची: पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र. सुरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की साठेखत, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र अशा कागदांनी स्थावर मिळकतीची मालकी जात नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरी फक्त सही कुणी केली ते साक्षांकित करतो.

विधिमंडळाने सुटका टप्प्याटप्प्याने दिली. २०१७ च्या दुरुस्तीने १५ नोव्हेंबर १९६५ ते ७ सप्टेंबर २०१७ या काळातले व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करायची सोय झाली. गुंठ्याचं रेडीरेकनर मूल्य चार लाख असेल तर लाखभर रुपये! जमीन घेताना दागिने मोडलेला माणूस हे कुठून आणणार? २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. आणि ३ नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार विनाशुल्क नियमित केले. पण सगळीकडचे नव्हेत. महापालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, विकास प्राधिकरणांची क्षेत्रं, प्रादेशिक योजनेत रहिवासी किंवा तत्सम बिगरशेती वापराला दाखवलेल्या जमिनी आणि गावा-शहरांलगतचा परिसर, असा त्याचा आवाका आहे. निव्वळ शेती विभागातल्या तुकड्याला तो लागू नाही. म्हणून पहिला कागद मिळवा तो झोन दाखल्याचा, म्हणजे जमीन कुठल्या विभागात येते ते सांगणारा.

नियमित झालं म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, आणि तुमचं प्रकरण कुठल्या प्रकारात बसतं त्यावर पुढचं काम ठरतं. दस्त नोंदणीकृत आहे पण फेरफार रद्द झालाय: तर खरेदीखताची प्रत, रद्द फेरफाराचा उतारा आणि चालू सातबारा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या, नोंद फेरतपासून मंजूर होते. नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, न लागता ‘इतर हक्कात’ लागलंय, किंवा तिथे तुकडेबंदीचा शेरा आहे: तर नाव कब्जेदार सदरी आणणं आणि शेरा कमी करणं, दोन्ही अर्जात स्पष्ट मागा. एकच मागितलं तर एकच होतं. आणि व्यवहार फक्त नोटरीवर असेल तर आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागेल, त्याशिवाय फेरफार नाही. यात खरी अडचण मूळ मालकाला सहीला आणण्याची असते. त्याने दरम्यान तीच जागा दुसऱ्याला विकली असेल, तर हा प्रश्न महसूल कार्यालयात सुटत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

माफी फक्त तुकडेबंदीच्या दोषाला आहे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकायला शासनाची परवानगी लागणारी असेल, कूळ कायद्याच्या कलम ४३ खाली परवानगीला बांधलेली असेल, आदिवासी खातेदाराची असून संहितेच्या कलम ३६-अ ची परवानगी नसेल, तर ते दोष तसेच राहतात. विनापरवाना बांधकामही कायदेशीर होत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ची परवानगी हा वेगळा विषय आहे.

आता सरपंचांसाठी. गुंठेवारीतली घरं कर आकारणीत घ्यायला हरकत नाही, घ्यायलाच हवीत. पाणी, दिवे, गटार त्यांनाही लागतं. फक्त उताऱ्यावर ‘ही नोंद करापुरती, मालकीचा पुरावा नव्हे’ असा शेरा न चुकता छापा. मालक आणि भोगवटादार हे रकाने वेगळे भरा. खरेदीखत न पाहता मालकाच्या रकान्यात नाव घातलं, की उद्या तो उतारा कोर्टात येतो आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला साक्षीला उभं राहावं लागतं. स्वामित्व योजनेतल्या मालमत्ता पत्रकाची आशाही चुकीच्या माणसाला दाखवू नका. ती ड्रोन मोजणी गावठाणाच्या हद्दीपुरती आहे. हद्दीबाहेरची गुंठेवारी तिच्यात येत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो रस्ता. प्लॉट पाडताना एजंट नकाशात वीस फुटांचा रस्ता काढतो, खरेदीखतातही ‘पूर्वेस रस्ता’ लिहिलेलं असतं. पण सातबाऱ्यावर ती जागा मूळ मालकाच्याच नावावर राहते. पंचायत तिथे खडी टाकायला जाते आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो, कारण खाजगी जमिनीवर निधी खर्च झाला. काही वर्षांनी मालकाची मुलं त्याच पट्ट्याला कुंपण घालतात. यासाठी खडीचा पहिला ट्रक पडण्याआधी मूळ मालकाकडून रस्त्याच्या क्षेत्राचं ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र घ्या, मोजणी करून क्षेत्र नक्की करा, त्याचा फेरफार मंजूर करून घ्या, आणि मगच पंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, लांबी-रुंदीसह नोंद करा. मालक हयात आहे तोवर ही एका सहीची गोष्ट असते. नंतर सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.